मुलीने लॅटिनो वस्तीतल्या शाळेत एक वर्ष सेवा करावी का?

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी यंदा कॉलेज संपवते आहे आणि सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागातल्या एका शाळेत अमेरिकॉर्प्सचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या सेवा योजनेचं, एक वर्ष करायचं म्हणते. मिळणाऱ्या पैशात खोलीभाडंसुद्धा धड निघणार नाही. हा प्रकार नेमका काय आहे, तिथल्या लॅटिनो मुलांच्या शिक्षणाला आणि रोजगाराला त्याने खरोखर हातभार लागतो का, आणि मुलीच्या हाती काय पडतं, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

माझं उत्तर आधीच सांगते: जाऊ द्या, पण जागा नीट बघून. एकाच कायद्याखाली, एकाच पैशातून चालणाऱ्या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. इतक्या वर्षांत मला त्यामागचं एकच मोठं कारण दिसलं आहे. ज्या ठिकाणी सेवा करणाऱ्यांत वस्तीतलीच माणसं असतात, तिथे बाहेरून आलेल्या मुलांचंही वर्ष कारणी लागतं. जिथे सगळेच बाहेरचे असतात, तिथे दर जूनमध्ये पाटी कोरी होते.

मी हे काम 2006 पासून करते आहे. त्याआधी सोलापुरात चार वर्षं मराठी शाळेत गणित शिकवत होते. वर्गातली निम्मी मुलं पद्मशाली घरांतली होती. ती घरी तेलुगू बोलायची, शाळेत मराठी. सॅन अँटोनिओत आल्यावर ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी घरीच बसून होते. कार्ड आलं त्या वर्षी एका सामाजिक संस्थेत अमेरिकॉर्प्सची मेंबर म्हणून लागले, पुढे तिथेच मेंबरांची समन्वयक झाले. त्यामुळे हे काम मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

आपल्याकडे ‘राष्ट्रीय सेवा’ म्हटलं की एनएसएस आठवतं. ती योजना 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास, गावात सात दिवसांचं शिबिर, श्रमदान. अमेरिकॉर्प्स त्याहून वेगळं आहे. इथे पूर्णवेळ मेंबर साधारण एका वर्षात 1,700 तास भरतो. तो सरकारी नोकर नसतो. केंद्र सरकार राज्य आयोगांमार्फत किंवा थेट संस्थांना अनुदान देतं आणि संस्था मेंबर घेतात. अनुदानाच्या जोडीला संस्थेला स्वतःचेही पैसे उभे करावे लागतात. मेंबरला पगार मिळत नाही, लिव्हिंग अलाउन्स म्हणजे राहण्याजेवणापुरता भत्ता मिळतो. वर्ष पूर्ण केलं की शिक्षणासाठी ठरावीक रक्कम मिळते. माझ्या वेळी ती 4,725 डॉलर होती. 2009 च्या कायद्याने ती पेल ग्रँटच्या, म्हणजे कमी मिळकतीच्या घरांतल्या विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणाऱ्या मदतीच्या, कमाल रकमेशी जोडली. 2024-25 मध्ये ती 7,395 डॉलर होती. ही रक्कम रोख मिळत नाही, थेट कॉलेजकडे किंवा शैक्षणिक कर्जाच्या खात्यात जाते. सात वर्षांत वापरावी लागते आणि ज्या वर्षी वापराल त्या वर्षीच्या उत्पन्नात ती धरली जाऊन तिच्यावर कर बसतो. हे मुलांना कोणी आधी सांगत नाही, मग एप्रिलमध्ये धक्का बसतो.

अमेरिकॉर्प्सचा कायदा 1993 चा, क्लिंटन यांच्या काळातला. पण त्यातली व्हिस्टा ही गरीब वस्त्यांत स्वयंसेवक पाठवणारी शाखा 1965 पासून काम करते आहे, आणि तिची मुळं आमच्या शहराच्या नैर्ऋत्येला दीड तासाच्या अंतरावर असलेल्या कोटुला या गावापर्यंत जातात असं मी मानते. लिंडन जॉन्सन वीस वर्षांचे असताना, 1928-29 मध्ये, कॉलेज मध्येच थांबवून कोटुलाच्या वेलहाउसेन शाळेत शिक्षक झाले. ती मेक्सिकन मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा होती. मुलं सकाळी उपाशीपोटी वर्गात येत. छत्तीस वर्षांनी, 15 मार्च 1965 ला, राष्ट्राध्यक्ष म्हणून अमेरिकी संसदेपुढे मतदानहक्कावर बोलताना जॉन्सननी त्या मुलांची आठवण काढली. गरिबीविरुद्धच्या मोहिमेचा कायदा त्यांनी आदल्याच वर्षी केला होता आणि व्हिस्टा त्याच कायद्यातून जन्मली.

या इतिहासातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र डेल रिओची आहे. व्हिस्टाचे सुरुवातीचे बरेचसे स्वयंसेवक दूरच्या शहरांतून आलेले, शिकलेले, चांगल्या मनाचे तरुण होते. वर्षभर राहायचे आणि परत जायचे. साठच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण टेक्सासमध्ये एक वेगळा प्रयोग झाला. तिथल्याच मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना व्हिस्टा स्वयंसेवक म्हणून त्यांच्याच वस्त्यांत नेमलं. या मुलांना कोणाची ओळख करून घ्यायची गरज नव्हती. पाणी कुठल्या गल्लीत येत नाही, कोणता मास्तर मुलांना मागच्या बाकावर बसवतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. ती प्रश्न विचारू लागली आणि स्थानिक पुढाऱ्यांना ते सोसलं नाही. वाल वर्दे काउंटीतला कार्यक्रम गव्हर्नर प्रेस्टन स्मिथ यांनी बंद करायला लावला. त्याच्या निषेधार्थ 30 मार्च 1969 ला, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे पाम संडेला, डेल रिओच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. सरकारी सेवा योजनेतली माणसं काढून टाकली म्हणून एवढं मोठं गाव रस्त्यावर येतं, ते ती माणसं आपली वाटतात तेव्हाच.

आजच्या नियमांत मेंबरला सेवेच्या तासांत राजकीय प्रचार, निदर्शनं, मतदार नोंदणी, युनियनचं काम, धर्मप्रसार यातलं काहीही करता येत नाही. तुमच्या मुलीला हे पहिल्याच आठवड्यात शिकवतील. तिला ते कधीकधी जाचक वाटेल. ज्या शाळेचं छप्पर गळतं तिथल्या मुलाला अपूर्णांक शिकवायचे आणि छपराबद्दल त्या तासांत बोलायचं नाही, हे मलाही जड गेलं होतं.

छपरावरून आठवलं. ती जिथे जाणार आहे त्या पश्चिम भागात एजवुड हा शाळाजिल्हा, म्हणजे आपल्या शाळांचा कारभार स्वतः पाहणारा विभाग, आहे. तिथल्या मुलांनी 1968 साली वर्ग सोडून मोर्चा काढला. नंतर डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक कोर्टात गेले. टेक्सासमध्ये शाळेचा बराचसा पैसा घरांवरच्या मालमत्ता करातून यायचा. त्यामुळे 1967-68 मध्ये एजवुडमध्ये दर मुलामागे 356 डॉलर खर्च होत होते आणि त्याच शहरातल्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये 594. गंमत नव्हे, दुःखाची बाब ही की एजवुडमध्ये कराचा दर जास्त होता. सुप्रीम कोर्टाने 1973 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल पालकांच्या विरोधात दिला. केंद्रीय संविधानात शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असं त्या निकालाने ठरलं. नंतर राज्याच्या कोर्टांत लढाया झाल्या, पैशाची वाटणी थोडी सुधारली. मुलीला तिथे पाठवण्याआधी हे वाचायला सांगा. नाहीतर ती मुलं मागे का, याचं उत्तर ती नकळत त्यांच्या घरांत शोधू लागेल.

आता उपयोगाचं. शाळेतला मेंबर काय करतो? बहुतेक वेळा तीन-चार मुलांचा गट घेऊन वाचन आणि गणित. सकाळी दारात उभं राहून नावाने हाक मारणं. गैरहजर मुलाच्या घरी फोन करणं. दुपारनंतर गृहपाठाचा वर्ग. शिक्षकाच्या जागी मेंबर नेमता येत नाही, तसा नियमच आहे. ज्या शाळेत गणिताचा शिक्षक मिळत नाही म्हणून मेंबरला वर्गावर उभं करतात, ती जागा घेऊ नका. माझ्या एका मेंबरवर एका शाळेने ही वेळ आणली होती. ती मुलगी तीन आठवडे वर्ग सांभाळत होती आणि मला पत्ताच नव्हता.

या कामात मला सर्वांत खरा फरक दिसतो तो दोन वयांत. पहिलं वय शाळेआधीचं. टेक्सासात याची जुनी परंपरा आहे. 1957 साली गनाडो नावाच्या छोट्या गावात इसाबेल व्हर्व्हर या सतरा वर्षांच्या मुलीने पहिलीत जाणाऱ्या स्पॅनिशभाषक मुलांना इंग्रजीचे चारशे मूलभूत शब्द शिकवायला घेतले. ह्यूस्टनचे रेस्टॉरंटमालक आणि लॅटिनोंच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ल्युलॅक संघटनेचे अध्यक्ष फेलिक्स तिहेरिना यांची ती योजना होती आणि सुरुवातीचा पैसाही त्यांनीच दिला. दोन वर्षांत राज्य सरकारने ती कल्पना उचलली, आणि गरीब घरांतल्या लहान मुलांसाठीच्या हेड स्टार्ट या केंद्रीय योजनेचा पूर्वावतार म्हणून तिचा उल्लेख होतो. शिकवणारी त्याच गल्लीतली सतरा वर्षांची मुलगी, हे मला त्यात मोलाचं वाटतं. आज आमच्याकडे घरोघरी जाऊन आईला लहान मुलाबरोबर पुस्तक वाचायला शिकवणारे जे कार्यक्रम आहेत, त्यांतल्या उत्तम मेंबर या पूर्वी त्याच कार्यक्रमात शिकलेल्या आया आहेत. त्या दार वाजवतात तेव्हा दार उघडतं. मी वाजवलं तर आधी पडदा हलतो.

या विश्वासाला स्पॅनिशमध्ये ‘कॉन्फियान्सा’ म्हणतात. तो शब्द तुमच्या मुलीच्या कानावर रोज पडेल. दुसरा शब्द ‘एदुकासिओन’. इंग्रजीतल्या एज्युकेशनचा तो सख्खा भाऊ वाटतो, पण आई जेव्हा म्हणते की माझा मुलगा ‘बिएन एदुकादो’ आहे, तेव्हा ती त्याच्या मार्कांबद्दल बोलत नसते. वळण, मोठ्यांचा मान, घरचे संस्कार, हे तिला म्हणायचं असतं. शाळेतली बाई फोन करून ‘तुमच्या मुलाच्या एज्युकेशनची काळजी वाटते’ असं भाषांतर करून सांगते, तेव्हा आईला तो आपल्या संस्कारांवर ठपका वाटतो. मराठी माणसाला हे समजायला एक मिनिट पुरेसं आहे. म्हणून मी म्हणते, आपल्या मुलांना इथे थोडी वाट मोकळी असते.

पण सगळे स्पॅनिश बोलतात असंही समजू नका. सॅन अँटोनिओत साठ टक्क्यांहून जास्त लोक लॅटिनो आहेत आणि त्यांतली कितीतरी घराणी टेक्सास अमेरिकेत यायच्या आधीपासूनची. त्यांच्या आजोबांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार बसलेला आहे. त्या पिढीने ठरवून मुलांशी इंग्रजी बोललं. आता नातवंडांना आजीशी नीट बोलता येत नाही आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटते. तुमच्या मुलीने चार वाक्यं स्पॅनिश शिकून अशा मुलावर टाकली तर त्याला ती सलतील. आधी ऐकावं, मग भाषा निवडावी.

दुसरं वय बारावीचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शिक्षण आणि रोजगार यांची गाठ इथे बसते किंवा सुटते. कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी फाफ्सा नावाचा सरकारी अर्ज भरावा लागतो. टेक्सासात 2021-22 पासून तो भरणं, किंवा नको असल्याचं लिहून देणं, हायस्कूल पूर्ण होण्याची अटच आहे. अर्जात आईवडिलांची मिळकत द्यावी लागते. मूल अमेरिकेत जन्मलेलं, पूर्ण हक्काचं नागरिक, पण आईकडे देशात राहण्याचे कागद नाहीत आणि म्हणून सोशल सिक्युरिटी नंबरही नाही, अशी घरं आमच्याकडे असंख्य आहेत. 2023 च्या अखेरीस नवा अर्ज आला, तेव्हा नेमक्या अशाच पालकांना त्यात आपला भाग भरता येईना. पुढे अनेक आठवडे, काहींना महिने, मुलं अडकून पडली. त्या काळात आमचे मेंबर संध्याकाळी शाळेच्या ग्रंथालयात बसायचे. पुढ्यात कॉफी आणि ‘पान दुल्से’ म्हणजे गोड पाव. (आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, यांचा ‘पान’ स्पॅनिशातून, मूळ लॅटिन शब्द एकच.) एक मुलगी सहा वेळा आली. वडील छपरं घालायच्या कामावर, आई मोटेलमध्ये साफसफाईला. सहाव्यांदा आईने विचारलं, ‘हा कागद कोणाकोणाला दिसतो?’ त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं असतं तर ते माहितीपत्रकातलं झालं असतं. उत्तर दिलं माझ्या एका मेंबरने. त्याच शाळेतून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेला, त्याच आईच्या चर्चमधला मुलगा. तो म्हणाला, ‘माझ्या आईनेही हेच विचारलं होतं.’ मग त्याने स्वतःच्या घरी काय भीती होती, त्यांनी कोणा वकिलाला विचारलं, शेवटी काय ठरवलं, ते सगळं सांगितलं. सही करा असं तो एकदाही म्हणाला नाही. आईने आठवडाभराने सही केली. मुलगी आज श्वसनोपचाराचं शिक्षण पूर्ण करून हॉस्पिटलात नोकरी करते.

ज्या मुलांकडे स्वतःकडेच देशात राहण्याचे कागद नाहीत त्यांची वाट आता आणखी अवघड झाली आहे. टेक्सासने 2001 मध्ये, देशात सर्वांत आधी, अशा मुलांना राज्यातल्या रहिवाशांच्या दराने फी भरू देणारा कायदा केला होता. जून 2025 मध्ये केंद्र सरकारने दावा लावला, राज्याने त्याच दिवशी मान तुकवली आणि कोर्टाने तो कायदा थांबवला. ही मुलं अमेरिकॉर्प्सच्या बहुतेक कार्यक्रमांतही येऊ शकत नाहीत. त्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. इथे आपल्या घरांचाही प्रश्न येतो. एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आईवडिलांवर अवलंबून असल्याच्या व्हिसावर, वाढलेली मराठी मुलंही या दाराबाहेरच राहतात. दरवर्षी एखादी तरी येऊन विचारते आणि मला नाही म्हणावं लागतं. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये कॉलेज कोअर सुरू केली. तिथे 450 तासांच्या सेवेला 10,000 डॉलर मिळतात आणि राज्याच्या एबी 540 कायद्यात बसणारी कागदपत्रांविनाची मुलंही घेतली जातात. मला तो आजवरचा सर्वांत शहाणा बदल वाटतो. ज्याला फीसाठी पैसे हवेत तोच सेवा करणारा होतो, आणि सेवा त्याच्याच ओळखीच्या लोकांची होते.

रोजगाराबद्दल मी हात राखून बोलेन. सेवावर्षाने वस्तीतल्या मोठ्या माणसांना नोकऱ्या मिळतात असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रिझ्युमे लिहून देणं, संगणकावर अर्ज भरून देणं, इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग, एवढं मेंबर करू शकतो आणि ते करावंच. पण कमाई वाढायला त्याहून बरंच जास्त लागतं. 1990 साली लेव्हाय स्ट्रॉसने इथला कारखाना बंद केला आणि हजारभर लोक, बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन बायका, एका दिवसात बेकार झाल्या. वस्तीतल्या चर्चांमधून उभ्या राहिलेल्या कॉप्स आणि मेट्रो अलायन्स या संघटनांनी शहराकडून आणि राज्याकडून पैसे मिळवून 1992 मध्ये प्रोजेक्ट क्वेस्ट सुरू केलं. कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन-दोन वर्षांचं शिक्षण, मुख्यतः आरोग्यक्षेत्रातलं. त्याबरोबर मुलं सांभाळण्याचा आणि जाण्यायेण्याचा खर्च, आणि दर आठवड्याला समुपदेशकाची बैठक. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना करून त्याचा अभ्यास झाला, तेव्हा शिकलेल्यांची कमाई कित्येक वर्षांनंतरही स्पष्टपणे जास्त राहिलेली दिसली. ते काम अमेरिकॉर्प्सचं नव्हे, आणि एका वर्षात होणारंही नव्हे. पण मेंबर त्या दारापर्यंत माणसाला नेऊन पोचवू शकतो. कामाची दिशा यूथबिल्ड या योजनेसारखी असेल तर आणखी बरं. तिची सुरुवात 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये, पोर्तो रिकन वस्तीत झाली. शाळा सुटलेली 16 ते 24 वयाची मुलं घरं बांधायला शिकतात, सोबत हायस्कूलची समकक्ष परीक्षा देतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच कामाचे तास भरून अमेरिकॉर्प्सचं शिक्षण-अनुदानही मिळवतात. म्हणजे ज्याला मदत हवी तोच मेंबर.

आणि ज्या रोजगाराबद्दल फारसं बोललं जात नाही तो हा: वस्तीतल्या मेंबरची स्वतःची पहिली पक्की नोकरी. माझ्याकडे आलेल्या स्थानिक मुलांमधले कितीतरी आज त्याच शाळांत शिक्षक, समुपदेशक, कार्यालयातले कर्मचारी आहेत. अलाउन्स इतका कमी असतो की ज्याच्या घरचं भाडं त्याच्या कमाईवर चालतं त्याला हे वर्ष परवडतच नाही. म्हणून चांगली संस्था अर्धवेळ जागा ठेवते, बसचा पास देते, ओळखीतून स्वस्त खोली बघून देते. हे सगळं करूनही दरवर्षी माझ्या हातून दोन-तीन उत्तम मुलं गोदामातल्या नोकरीकडे जातात, आणि मी त्यांना थांबवू शकत नाही.

तुम्हाला धोकाही सांगायला हवा. एप्रिल 2025 मध्ये केंद्र सरकारने अमेरिकॉर्प्सची जवळपास 40 कोटी डॉलरची अनुदानं एकाएकी रद्द केली. देशभरातले हजारो मेंबर शाळेचं वर्ष संपायला महिना उरला असताना घरी गेले. दोन डझन राज्यांनी दावा केला, जूनमध्ये कोर्टाने त्या राज्यांपुरते कार्यक्रम पूर्ववत करायला सांगितले. टेक्सास त्या राज्यांत नव्हतं. पुन्हा असं होणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. त्यामुळे तीन महिन्यांचा खर्च तुम्ही बाजूला ठेवा, आणि मधेच काम थांबलं तर तासांच्या प्रमाणात शिक्षणाची रक्कम मिळेल का, हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.

संस्थेला विचारायचे आणखी काही प्रश्न. तुमच्याकडच्या मेंबरांत या वस्तीतले किती? गेल्या वर्षीच्यांपैकी किती दुसऱ्या वर्षाला थांबले? शाळेतला तुमचा माणूस कोण आणि तो तिथे किती वर्षं आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर अडखळत आलं तर दुसरी जागा बघा. बोटांच्या ठशांची तपासणी होईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आधीच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते सेवाकाळात थांबवता येतात, त्यासाठी अर्ज तिने स्वतः करायचा. आणि जमलं तर दोन वर्षं करू द्या. पहिल्या वर्षी ती नावं शिकेल, दुसऱ्या वर्षी मुलं तिच्याकडे स्वतःहून येतील.

ठरवण्याआधी तिला एखाद्या मंगळवारी घेऊन या. दुपारी तीनला शाळा सुटते. फाटकाबाहेर आज्या उभ्या असतात, आईसगोळ्याची गाडी असते, आणि आमचे मेंबर मुलांना रस्ता ओलांडून देत असतात. तिला त्यांच्याशी बोलू दे. तोवर आपण दोघं समोरच्या पानादेरियात, म्हणजे बेकरीत, बसू, आणि पैशांचा हिशोब मी तुम्हाला कागदावर मांडून दाखवते.